दोष विरजणाचा नाही, तापमानाचा आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडीत दही लागत नाही, इडलीचे पीठ फुगत नाही, या तक्रारींवर आपल्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात काही उपाय छापून आले. भांडे ब्लँकेटमध्ये गुंडाळा, दूध बोटाला सोसेल इतके गरम असताना विरजण लावा, विरजण दुप्पट घाला, पिठात चिमूटभर सोडा टाका, असे ते उपाय होते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत यातला एकही पुरा पडत नाही, आणि दुप्पट विरजणाने तर चांगले लागणारे दहीही बिघडते. मूळ अडचण विरजणात नसून तापमानात आहे. तापमान मोजता येते, आणि हजारेक रुपयांच्या सामानात घरच्या घरी एखाद्या अंशाच्या फरकात रात्रभर धरूनही ठेवता येते. ते कसे, हे खाली सविस्तर लिहितो. पत्र लांबले तरी कृपया त्यातले आकडे गाळू नयेत, कारण सगळा उपयोग त्या आकड्यांचाच आहे.

आधी ब्लँकेटविषयी. ब्लँकेट उष्णता निर्माण करत नाही, असलेली उष्णता जाण्याचा वेग फक्त कमी करते. रात्री स्वयंपाकघर 10 अंशांवर आले, की लिटरभर दूध कितीही गुंडाळले तरी जिवाणूंचे काम पुरे होण्याआधीच निवते. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात खोलीच 28-30 अंशांवर असते म्हणून ही युक्ती चालते, आणि ती चालली म्हणून ती बरोबर आहे असे आपण धरून बसतो. बोटाच्या परीक्षेचेही तसेच आहे. थंडीत बोटे गार असतात आणि गार बोटाला 38 अंशांचे दूधही चांगले गरम लागते. म्हणून ज्या महिन्यात दूध अधिक गरम हवे, त्याच महिन्यात बोट आपल्याला कमी तापमानावर थांबवते.

घरच्या विरजणात एकाच जातीचे जिवाणू नसतात. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस ही जोडी 40 ते 45 अंशांत जोमाने वाढते, तर लॅक्टोकॉकस गटातल्या जिवाणूंना 25 ते 30 अंश मानवतात. आपण ज्या तापमानाला दही लावतो, त्या तापमानाचे जिवाणू त्या भांड्यात बहुसंख्य होतात आणि पुढच्या विरजणात तेच उतरतात. रोज 42 अंशांना लावलेले दही काही दिवसांत घट्ट आणि स्पष्ट आंबट होत जाते. 30 अंशांना लावलेले दही सौम्य राहते आणि त्याला लोण्यासारखा वास येतो. हा वास डायअॅसेटिल नावाच्या द्रव्याचा. थंडीत दही तारेचे, बुळबुळीत का होते, याचे उत्तरही इथेच आहे. काही लॅक्टोकॉकस कमी तापमानाला चिकट शर्करा तयार करतात आणि चमचा उचलला की दह्याला तार सुटते. असे दही सहसा खराब झालेले नसते, फक्त गारव्यात लागलेले असते. त्याच दह्यातून दोन-तीन वेळा 42 अंशांना पुढचे विरजण करत गेले की तार बहुतेक जाते.

आता तापमान धरून ठेवणाऱ्या पेटीचे सामान: थर्माकोलचा डबा, आत उष्णतेसाठी बल्ब, आणि तो चालू-बंद करणारा कंट्रोलर. थर्माकोलचा डबा नवीन घेऊ नये. औषधांच्या घाऊक दुकानांत लसी आणि इन्सुलिन बर्फासह ज्या डब्यांतून येतात, ते जाड भिंतींचे डबे बहुधा टाकूनच दिले जातात. बाहेरून साधारण 50 बाय 40 बाय 35 सेंटीमीटर आणि भिंत 4 सेंटीमीटर जाड असा डबा निवडावा. भिंतीच्या जाडीवर मी एवढा भर का देतो, ते हिशेबाने पाहावे. या डब्याचे बाहेरचे क्षेत्रफळ 1.03 चौरस मीटर होते. थर्माकोलची उष्णतावाहकता सुमारे 0.035. तिला 0.04 मीटर जाडीने भागून क्षेत्रफळाने गुणले की उत्तर 0.9 येते, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर 0.9 वॉट उष्णता भिंतीतून निघून जाते. आत 42 आणि बाहेर 10 अंश, म्हणजे फरक 32 अंशांचा, आणि गळती 29 वॉटची. यासाठी 60 वॉटचा बल्ब निम्मा वेळ जळला तरी पुरतो. तोच डबा अडीच सेंटीमीटर भिंतीचा असता तर गळती 46 वॉटवर गेली असती आणि बल्बला फारशी उसंत मिळाली नसती. दही सहा तासांत लागते असे धरले तर एका वेळेला पाव युनिटही वीज खर्च होत नाही.

बल्ब जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचाच हवा. एलईडी दिवा इथे कामाचा नाही. नऊ वॉटचा एलईडी घालून पेटी गरम होत नाही म्हणणारे लोक आहेत, पण ज्या दिव्याची वीजच 9 वॉट आहे तो 29 वॉटची गळती भरून काढणार नाही. तारेचे बल्ब आता सगळ्या दुकानांत मिळत नाहीत. न मिळाल्यास कोंबड्यांच्या पिल्लांसाठी वापरतात तो सिरॅमिकचा हीटर घ्यावा, मात्र तो बहुधा आट्यांचा असतो आणि आपल्याकडचे होल्डर खिट्टीचे, म्हणून जोडीला आट्यांचे पोर्सेलीन होल्डर घ्यावे. सिरॅमिक हीटर उजेड देत नाही, हा त्याचा फायदाच आहे. उजेडाने दुधातल्या रायबोफ्लेविनवर (ब-2 जीवनसत्त्वावर) क्रिया होते आणि दह्याला जळक्या कागदासारखा वास येऊ शकतो. बल्ब वापरणाऱ्यांनी काचेच्या वाडग्यात दही लावू नये, झाकणाचे स्टीलचे भांडे घ्यावे.

बल्ब उघडा ठेवायचा नाही. त्याच्या काचेचे तापमान शंभर अंशांच्या वर जाते आणि थर्माकोल त्याआधीच मऊ पडून आकसायला लागतो, पेटलाच तर झपाट्याने जळतो. तेला-तुपाचा दोन लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा स्वच्छ धुऊन त्याला खाली आणि वर खिळ्याने पंधरा-वीस भोके पाडावीत, त्यात पोर्सेलीन होल्डर बसवावे आणि सगळे फरशीच्या तुकड्यावर ठेवावे. पत्र्यापासून थर्माकोलची भिंत कुठेही 5 सेंटीमीटरपेक्षा जवळ नको. डबा सरकू नये म्हणून तो फरशीला स्क्रूने पक्का करावा. नुसता टेकवून ठेवलेला डबा भांडे काढता-घालताना हमखास हलतो.

तापमान राखायला एसटीसी-1000 या नावाने मिळणारा कंट्रोलर चांगला. त्याला सोल्डरिंग लागत नाही, सगळी जोडणी स्क्रूने होते, आणि दीड-दोन मीटर तारेचा सेन्सर त्याच्याबरोबरच येतो. मागच्या बाजूला आठ टर्मिनल असतात. 1 आणि 2 वर वीज, 3 आणि 4 वर सेन्सर, 5 आणि 6 गरम करण्यासाठी, 7 आणि 8 गार करण्यासाठी. सर्वांत जास्त गोंधळ 5-6 वर होतो. तिथून 230 व्होल्ट बाहेर पडतात असे समजून लोक बल्बच्या दोन्ही तारा त्यांत खोचतात आणि बल्ब लागत नाही म्हणून कंट्रोलर परत करतात. 5 आणि 6 यांच्यामध्ये फक्त एक स्विच आहे. प्लगमधून येणारा फेज आधी 1 अँपिअरच्या फ्यूजमधून न्यावा, मग 1 वर, आणि 1 वरून एक छोटी तार 5 वर. 6 वरून थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानाला वीज कायमची तोडणारा), तिथून बल्ब. बल्बची दुसरी तार आणि टर्मिनल 2 हे दोन्ही न्यूट्रलला. स्विच फेजवरच असला पाहिजे. न्यूट्रलवर टाकला तर बल्ब विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच असते.

थर्मल फ्यूज हा दहा-वीस रुपयांचा भाग आहे आणि तो न घालता ही पेटी कोणीही रात्रभर चालू ठेवू नये. 77 अंशांचा घ्यावा. कंट्रोलरची रिले, म्हणजे आतला स्विच, चिकटली किंवा सेन्सर निसटून डब्याबाहेर पडला, तर बल्ब अखंड जळत राहतो, आणि त्या वेळी वीज तोडणारा हा एकटाच उरतो. तो पत्र्याच्या डब्याच्या बाजूला, वरच्या अंगाला, 5 सेंटीमीटरवर बसवावा. त्याच्या तारा सोल्डर करताना तो तिथल्या तिथे उडतो, कारण सोल्डरिंगची इस्त्री त्याला 77 च्या किती तरी वर नेते. म्हणून चिनी मातीच्या कनेक्टरने स्क्रूत आवळावा. सोल्डर करायचाच असेल तर फ्यूज आणि इस्त्री यांच्यामध्ये तार पकडीने धरून ठेवावी, म्हणजे उष्णता पकडीत जाते.

अर्थिंगबद्दल आपल्या जुन्या वाड्यांत फार हयगय दिसते. आमच्या लष्कर भागातल्या कित्येक घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. या पेटीत पत्र्याचा डबा आहे, दमट हवा आहे आणि शेजारी दुधाचे भांडे आहे. डब्याला अर्थची तार नट-बोल्टने पक्की करावी, रंग खरवडून. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर ही पेटी करण्याआधी ती बसवून घ्यावी. वायरमन तासाभरात बसवून देतो.

आतली हवा फिरती राहावी म्हणून कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा 80 मिलिमीटरचा पंखा एका कोपऱ्यात लावावा, त्याचा अॅडॅप्टर वेगळा आणि पेटीबाहेर. पंखा नसेल तर झाकणाजवळ आणि तळाशी सात-आठ अंशांचा फरक सहज पडतो आणि सेन्सर जिथे आहे तिथलेच तापमान खरे मानावे लागते. पंख्याचा झोत भांड्यावर सरळ येऊ देऊ नये, भिंतीवर आपटून यावा.

सेन्सर कुठे ठेवावा, यावर दोन मते आहेत. काही जण तो भांड्याला बाहेरून चिकटवतात, कारण आपल्याला दुधाचे तापमान हवे आहे. पण दूध गरम व्हायला वेळ घेते, तोवर बल्ब जळत राहतो, हवा 60 अंशांवर जाते आणि बल्बच्या बाजूचे दही कडेने फाटते. सेन्सर हवेत, भांड्याच्या निम्म्या उंचीवर, भांड्यापासून तीन-चार सेंटीमीटर अंतरावर लटकवलेला बरा. हवा एक अंश वर-खाली होत राहिली तरी लिटर-दोन लिटर दुधाला ते जाणवतही नाही. कंट्रोलरमध्ये एफ-1 वर हवे ते तापमान आणि एफ-2 वर फरक, म्हणजे तापमान किती अंशांनी उतरल्यावर बल्ब पुन्हा लागावा ते, असते. एफ-2 वर 1.0 ठेवावा. 0.3 ठेवला तर बल्ब सारखा लुकलुकतो आणि रिले लवकर झिजते.

नवा कंट्रोलर खरे तापमान दाखवतो असे गृहीत धरू नये, एक-दोन अंशांची चूक सर्रास असते. तपासायला घरातला डिजिटल ताप मोजायचा थर्मामीटर उत्तम, कारण 36 ते 42 अंशांच्या टप्प्यात तो स्वयंपाकघरातल्या कुठल्याही उपकरणापेक्षा अचूक असतो आणि आपल्याला नेमका तोच टप्पा हवा आहे. पेल्यात साधारण 40 अंशांचे पाणी घ्यावे, सेन्सर आणि थर्मामीटरचे टोक शेजारी-शेजारी धरून हलके ढवळत राहावे, आणि दोन आकड्यांतला फरक एफ-4 मध्ये भरावा. थर्मामीटर फॅरनहाइटचा असेल तर 104 म्हणजे 40 अंश. स्वयंपाकाचा लांब काडीचा थर्मामीटर असेल तर तो बर्फाच्या चुऱ्यात 0 आणि उकळत्या पाण्यात 100 दाखवतो का, ते पाहतात. पण ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटरवर आहे, इथे पाणी 99.3 अंशांना उकळते. इंदूरच्या वाचकांनी, तिथली उंची 550 मीटरच्या आसपास असल्याने, 98.2 धरावे. तिथे 98 दाखवणारा थर्मामीटर बिघडलेला नाही.

दही लावण्याची कृती आता सरळ आहे. एक लिटर म्हशीचे किंवा पूर्ण सायीचे दूध 85 अंशांवर वीस मिनिटे ठेवावे, अधूनमधून ढवळत. नुसती एक उकळी आणून गॅस बंद करण्यापेक्षा याने दही स्पष्टपणे घट्ट लागते. दुधाच्या पाण्यातली प्रथिने या तापमानाला उलगडतात आणि केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या कणांना जाऊन चिकटतात, त्यामुळे पुढे तयार होणारी जाळी पाणी धरून ठेवते. मग दूध 44 अंशांवर येऊ द्यावे. विरजण 15 ग्रॅम, म्हणजे एक सपाट मोठा चमचा, थोड्या दुधात गुठळी न ठेवता फेटून मिसळावे. याहून जास्त नको. जास्त विरजणाने आम्ल फार झपाट्याने तयार होते, जाळी नीट विणली जाण्याआधीच आवळते, आणि सकाळी भांड्यात रवाळ चोथा आणि वर पिवळे पाणी दिसते. दुप्पट विरजणाच्या उपायावर माझा आक्षेप याचसाठी आहे.

पेटी आधी अर्धा तास चालू करून 43 अंशांवर आणलेली असावी आणि दूधही गरमच आत जावे. फ्रिजमधले किंवा खोलीतले 10 अंशांचे दूध विरजण लावून पेटीत ठेवले, तर लिटरभर दुधाला 42 वर यायला 128 किलोज्यूल लागतात. बल्बची सगळी उष्णता दुधालाच मिळाली असे धरले तरी त्याला 35 मिनिटे लागतील. प्रत्यक्षात हवेतून भांड्यात उष्णता फार सावकाश जाते आणि तीन-चार तास निघून जातात. पेटी तापमान राखण्यासाठी आहे, दूध तापवण्यासाठी नाही.

पाच तासांनी झाकण उघडून भांडे किंचित कलते करावे. लागलेले दही भिंतीपासून एकसंध सुटते, पृष्ठभाग थरथरतो पण वाहत नाही, आणि कडेला हिरवट-पिवळ्या पाण्याची दोऱ्याएवढी रेघ दिसते. ती रेघ दिसली की काढून फ्रिजमध्ये ठेवावे. पेटीत आणखी दोन तास राहिले तर आंबटपणा वाढतच जातो. गुढीपाडव्याच्या श्रीखंडासाठी चक्का बांधायचा असेल तर पेटी 43 ऐवजी 38 वर ठेवावी आणि दही सुटते आहे असे दिसताच उतरवावे, कारण फडक्यात टांगलेल्या दह्यातही आंबणे चालूच असते. तो चक्का फ्रिजमध्येच टांगावा.

मातीच्या भांड्यात दही लावणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बिनचकाकीचे मातीचे भांडे पाझरते आणि पंख्याच्या हवेत ते पाणी सुकताना भांडे गार होते. आतले दूध हवेपेक्षा दोन-तीन अंश खाली राहते. पेटी 45 वर ठेवावी. त्याहून पुढे जाऊ नये, पन्नाशीच्या वर जिवाणू मंदावतात आणि 55 च्या पुढे मरायला लागतात.

तापमान बरोबर असूनही दही लागले नाही, तर मात्र विरजणाकडे आणि दुधाकडे पाहावे. आठवड्याहून जुन्या विरजणाचा जोर कमी होत जातो. भांड्याला साबण राहिला असेल तरी अडते. जनावराला प्रतिजैविक दिले असेल आणि ते दुधात उतरले असेल, तर कितीही विरजण लावा, दूध दूधच राहते. एका दिवशी असे झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याच विरजणाने दुसऱ्या दुधाचे दही लागले, तर गवळ्याला विचारायला हरकत नाही.

वीज जाण्याचाही विचार करावा लागतो. दोन लिटर दूध पेटीत असताना अर्धा तास वीज गेली तर तापमान सुमारे 6 अंशांनी खाली येते. रिकाम्या जागेत 45 अंशांच्या पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या ठेवल्या तर तीच घट 3 अंशांवर येते. बाटल्या थंड पाण्याच्या ठेवल्या तर उलटा परिणाम होतो, हे सांगायला नको, पण तसे करणारे आहेत.

इडलीच्या पिठाला 42 अंश चालत नाहीत. तिथे पीठ फुगवणारा मुख्य जिवाणू ल्युकोनोस्टॉक मेझेंटेरॉइडीस, आणि त्याला 30 अंशांच्या आसपासचे तापमान लागते. तो आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो, आणि उडदाचे चिकट पीठ तो वायू धरून ठेवते. पेटी 42 वर ठेवली तर दुसरे जिवाणू पुढे जातात, पीठ आंबट होते पण वर येत नाही. म्हणून दही आणि इडलीचे पीठ एकाच रात्री एका पेटीत ठेवता येत नाही. इडलीचा उकडा तांदूळ 600 ग्रॅम, उडदाची डाळ 200, मेथ्या 5 आणि मीठ 18 ग्रॅम घ्यावे. डाळ-तांदूळ ज्या पाण्यात भिजतात ते थंडीत गारठलेले असते आणि वाटलेले पीठ 14-15 अंशांवर निघते, मग पेटीतही त्याचे अर्धे काम उबेपर्यंतच संपते. वाटताना 35-40 अंशांचे पाणी वापरून पीठ 28 ते 30 वर काढावे. मे महिन्यात याच्या उलट, मिक्सर पीठ तापवतो म्हणून फ्रिजचे पाणी. दोन्ही वेळा वाटल्यावर थर्मामीटर पिठात बुडवून आकडा पाहावा. मीठ आधीच घातले तरी एवढ्या प्रमाणात फुगण्याला अडथळा होत नाही.

हे पीठ पाच लिटरच्या भांड्यात ठेवावे, निम्म्याखालीच राहिले पाहिजे. भांड्याखाली काठाची परात हवीच. फसफसून उतू गेलेले पीठ गरम बल्बवर पडले तर काच फुटते आणि तारा उघड्या पडतात. दहा ते बारा तासांत पीठ दुप्पट होते. सोड्याने इडली हलकी होईल, पण आंबण्यातून येणारी चव आणि वास सोड्यातून येत नाही, आणि सोडा जास्त पडला तर इडली पिवळट होऊन साबणासारखी लागते.

मटकीला मोड आणायलाही 30 अंशच. 10 तास कोमट पाण्यात भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधावी आणि मधे एकदा धुऊन घ्यावी, कारण पंखा फडके सुकवतो. पंधरा-सोळा तासांत सेंटीमीटरभर मोड येतात. 40 च्या वर मोड थांबतात आणि वास मारायला लागतो.

उन्हाळ्यात ग्वाल्हेरचे स्वयंपाकघर 40 अंशांवर असते, तेव्हा ही पेटी उलटी चालवता येते. बल्बची तार काढून ठेवावी, पंख्याचा अॅडॅप्टर 7-8 टर्मिनलवरून जोडावा, पंख्यासमोर गोठवलेल्या पाण्याची लिटरची बाटली ठेवावी आणि तिच्या व भांड्याच्या मध्ये खिडकी कापलेला थर्माकोलचा आडपडदा घालावा. आत 30 आणि बाहेर 40 अंश असताना 9 वॉट उष्णता आत येते, आणि एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल शोषतो, म्हणजे हिशेबाने दहा तासांची सोय झाली. पंखा बंद असतानाही बाटली वितळत असते, म्हणून फ्रीजरमध्ये दुसरी तयार असावी. एफ-3 वर 1 मिनिट ठेवावा, तो विलंब फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी असतो, पंख्याला त्याची गरज नाही.

शेवटी आपल्या पुरवणीकडे एक विनंती आहे. पाककृतींत वाटी, चमचा, चिमूट हे राहू द्यावे, पण त्यांच्यापुढे ग्रॅम छापावेत, आणि जिथे काही आंबवायचे, विरजायचे किंवा पाक करायचा आहे, तिथे अंश छापावेत. साखरेचा गोळीबंद पाक 112 ते 116 अंशांचा असतो, हा आकडा कृतीत असता तर संक्रांतीच्या वेळी बशीतल्या पाण्यात थेंब टाकून अंदाज करत बसावे लागले नसते. कृती पाठवणाऱ्यांकडे थर्मामीटर नसेल तर निदान खोलीचे तापमान कळवावे. 'रात्रभर झाकून ठेवा' हे पुण्याच्या जुलैत लिहिलेले वाक्य ग्वाल्हेरच्या जानेवारीत तसेच छापले जाते आणि वाचणारी बाई विरजणाला किंवा स्वतःच्या हाताला दोष देत राहते. पुढच्या दही-इडलीच्या कृतीबरोबर कंट्रोलरच्या जोडणीची आकृती छापण्यास जागा असेल तर ती काढून पाठवतो. त्यात फेजची तार लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी दाखवावी, रंग छापता येत नसतील तर तारांवर अक्षरे घालावीत.

कळावे,
आपला एक वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर